स्वामी, तुझं मनोगत अजून आलं नाही

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेच्या ग्रुपवर आपल्या बॅचच्या एकीने असा मेसेज टाकला आणि बायकोने तो वाचून विचारलं, हा स्वामी कोण? लग्नाला बावीस वर्षं झाली तरी तिला माहीत नव्हतं. सातपूरच्या कंपनीत पर्चेसला बसणाऱ्या माणसाला कोण स्वामी म्हणणार. पण १९९२ च्या दहावीच्या बॅचमध्ये माझं खरं नाव किती जणांना आठवतं हा प्रश्नच आहे, म्हणून हे मनोगत त्या नावाबद्दलच लिहितो, शाळेच्या इमारतीबद्दल आणि शिस्तीबद्दल बाकीचे लिहितीलच.

१९८७ ला दूरदर्शनवर मालगुडी डेज लागायचं. आम्ही तेव्हा दहीपुलाजवळ वाड्यात राहायचो, पूर्ण वाड्यात टीव्ही एकच, वरच्या माडीवर, आणि चित्र हललं की अँटेना फिरवायला मला पाठवायचे, त्यामुळे अर्धी मालिका मी कौलांवर उभा राहून नुसती ऐकलीय. सुरुवातीचं ते ता ना ना ना वाजलं की खालून सगळी पोरं जिन्यावरून धडाधड वर. मालगुडी या काल्पनिक गावातल्या आर. के. नारायण यांच्या गोष्टी, त्यांच्याच भावाची म्हणजे आर. के. लक्ष्मण यांची चित्रं, आणि दिग्दर्शन शंकर नाग यांचं. हे शंकर नाग मुंबईत मराठी नाटकं केलेले, हे मला फार उशिरा कळलं. गोष्टीतला शाळकरी पोरगा स्वामी, त्याचे वडील झालेले गिरीश कर्नाड, ते तर जन्माने माथेरानचे. पण तेव्हा आम्हाला या कोणाशी देणंघेणं नव्हतं, आम्हाला फक्त स्वामी झालेला तो पोरगा दिसायचा. मोठे डोळे, मारकुट्या मास्तरला घाबरणारा, आजीच्या कुशीत शिरणारा. मंजुनाथ त्याचं नाव, मास्टर मंजुनाथ. जन्म डिसेंबर १९७६ चा, म्हणजे अगदी आमच्याच वयाचा, आमच्यासारखाच पाचवी-सहावीतला असणार, आणि आख्खा देश त्याला ओळखत होता. मला त्याचा खूप राग यायचा आणि तो खूप आवडायचाही.

आम्ही लगेच एमसीसी काढली, गोष्टीत मालगुडी क्रिकेट क्लब असतो तसा. आमचा एम कशाचा यावर गोल्फ क्लबच्या मैदानावर दोन रविवार भांडण झालं आणि मॅच एकही झाली नाही.

त्या वर्षी गॅदरिंगला चित्रकलेच्या सरांनी स्वामीवर पंधरा मिनिटांचं नाटुकलं बसवलं आणि स्वामी म्हणून मला उभं केलं. का, तर माझे पाय काटकुळे आणि कान मोठे. ॲक्टिंगचा काही संबंध नव्हता. मूळ गोष्टीत वडील स्वामीला गणित घालतात, रामाकडे दहा आंबे, त्याला पंधरा आणे मिळवायचेत, कृष्णाला चारच हवेत तर त्याने किती द्यायचे, आणि स्वामीला आधी हेच कळून घ्यायचं असतं की आंबे पिकलेले आहेत का. सर म्हणाले आपण नाशिकचे, आंबे कशाला. दहा किलो द्राक्षं पंचाहत्तर रुपयांना तर चार किलो किती, असं केलं. आणि मी विचारायचं, बाबा पण गोड आहेत की आंबट?

ऐन प्रयोगात झालं काय की मी ते विचारलं, हॉल हसला, आणि पुढचं वाक्य माझ्या डोक्यातून साफ गेलं. समोर बाबा झालेला मित्र चष्म्यातून माझ्याकडे बघतोय, चष्मा सरांचा, त्यामुळे त्यालाही काही दिसत नाहीये, विंगेतून प्रॉम्प्टर काहीतरी पुटपुटतोय ते ऐकू येत नाही, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या गणिताच्या सरांना ते सहनच झालं नाही, ते ताडकन उठून ओरडले, अरे तीस रुपये! आख्खा हॉल पडला. मी घाबरून त्यांनाच म्हणालो, हो सर. ते नाटकातलंच आहे असं सगळ्यांना वाटलं आणि आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून मी स्वामी. शिपाईमामासुद्धा स्वामी म्हणायचे. रविवार कारंजावर एकदा एका अनोळखी बाईंनी गाल ओढला, तेवढी आपली फेम.

दोन वर्षं चाललं हे. आठवीत आवाज फुटला. तालमीला पहिलं वाक्य बोललो आणि माझ्याच गळ्यातून कोणीतरी भलताच माणूस बोलला, सरांनी प्रेमानेच सांगितलं की यंदा तू पडदा सांभाळ. माझ्या जागी पाचवीतलं एक गोड पोरगं आलं. पडद्याची दोरी धरून विंगेत उभा राहिलो तेव्हा जे वाटलं ते मी घरी कधी सांगितलं नाही, इथे लिहितोय. चौदाव्या वर्षी तुम्ही लहान नसता आणि मोठेही नसता, त्या वयाचे रोल कोणी लिहीतच नाही.

त्याच सुमारास, १९९० ला, अग्निपथ आला. अमिताभच्या लहानपणीचा विजय दीनानाथ चौहान म्हणजे मंजुनाथ! टॉकीजमध्ये मी शेजारच्याला कोपर मारून सांगत होतो, अरे हा आपला स्वामी, आणि तो म्हणे गप रे, हा कुठे स्वामी. खरंच ओळखू येत नव्हता, त्या डोळ्यांत आग होती. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शंकर नाग अपघातात गेले, पस्तिशीचे होते फक्त.

आता मुद्द्याची गोष्ट. बॅचच्या प्रत्येक गेट-टुगेदरला कोणीतरी मिसळ खाताखाता विषय काढतंच, काय रे त्या मंजुनाथचं पुढे काय झालं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच चेहरा बिचारा असा करून ठेवतात. अरे काही नाही झालं! मोठा झाला, शिकला, ॲक्टिंग सोडली, जनसंपर्काच्या क्षेत्रात गेला, बंगळुरू-म्हैसूर रस्त्याच्या मोठ्या प्रकल्पात काम केलं. माझ्यासारखाच ऑफिसला जाणारा माणूस झाला. यात बिचारं काय आहे मला कळत नाही. तुम्ही दहाव्या वर्षी केलेलं काम लोकांना आयुष्यभर आठवलं तर ते कर्ज थोडंच आहे फेडत बसायला. आपल्या नाशिकच्या कंपनीतून फाळक्यांनी १९१९ ला कालिया मर्दन केला, त्यात कृष्ण झाली होती त्यांची स्वतःची लहानगी मुलगी मंदाकिनी. आजही ते फूटेज बघा, काय धीट पोरगी आहे. पांडवलेण्यांखालच्या फाळके स्मारकात सहली नेतो आपण, पण तिचं पुढे काय झालं म्हणून कोणी हळहळलेलं मी तरी ऐकलं नाही. टीव्हीवाल्या पोरांच्याच मागे आपण लागतो, कारण ती आपल्या घरात येऊन मोठी होता होता मधेच गायब होतात, आणि आपलं वय झालं हे त्यांच्यामुळे कळतं. हे माझं मत, चूक असेल तर सोडून द्या.

मध्यंतरी लेकीला घेऊन शिमोगा जिल्ह्यात जाऊन आलो. आगुंब्याला जिथे शूटिंग झालं ते दोड्डमने नावाचं जुनं लाकडी घर बघितलं. पाऊस असा की छत्री उघडून काही उपयोग नाही. अरसाळू नावाचं छोटंसं स्टेशन आहे, मालिकेत तेच मालगुडी होतं, रेल्वेने तिथे आता म्युझियम केलंय. लेक फोटो काढत होती आणि मी बाकावर बसून ते ता ना ना ना गुणगुणत होतो तर शेजारी बसलेले एक कानडी आजोबा पण सुरू झाले. भाषा दोघांची वेगळी, बोललो काहीच नाही, चाल पूर्ण केली आणि हसलो.

तर असं आहे. अमृतमहोत्सवात आमच्या बॅचने ते नाटुकलं परत करायचं ठरवलंय. बाबा झालेला मित्र पुण्याहून येतोय, चष्मा आता त्याचा स्वतःचाच आहे. गणिताचे सर येणार आहेत आणि त्यांना पहिल्या रांगेतच बसवा अशी समितीला विनंती. फक्त गणितातला भाव बदलावा लागेल, पंचाहत्तर रुपयांत दहा किलो द्राक्षं आता कोण देतंय.