हायवेच्या फाट्यापासून टेकडीच्या वस्तीपर्यंत: ‘सिटीज: स्कायलाइन्स’मधल्या रहिवाशांच्या मागोमाग

शहर उभारणीचे गेम आपण बहुतेक जण घारीच्या नजरेने खेळतो. वरून रस्ते ओढायचे, कडेने घरांच्या जागेचा हिरवा रंग फासायचा आणि माणसं येतात की नाही ते मागणीच्या पट्टीवर बघत बसायचं. या वेळी ‘सिटीज: स्कायलाइन्स’च्या ग्रँड रिव्हर मॅपवर नवं शहर सुरू केलं तेव्हा मी दर वस्तीत कॅमेरा जमिनीवर उतरवला आणि येणाऱ्या रहिवाशांच्या मागे लागून अख्खं शहर पालथं घातलं. त्यासाठी मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोड) वगैरे काही लागत नाही. माणसावर किंवा गाडीवर क्लिक केलं की छोटी खिडकी उघडते. तिच्यातलं ठिकाणाचं चिन्ह दाबलं की कॅमेरा त्याची पाठ सोडत नाही. पुढचं सगळं 2015 साली आलेल्या पहिल्या भागाबद्दल आहे. दुसऱ्या भागाचा विषय शेवटाकडे थोडक्यात येईल.

सुरुवात अर्थातच हायवेवरून. गेम तुम्हाला 1.92 किलोमीटर बाजूची एक चौरस जागा, 70,000 ची थैली आणि हायवेचा एक फाटा देतो. पहिले रहिवासी याच फाट्याने येतात, आणि दुकानांचा माल, कारखान्यांचे ट्रकही इथूनच. त्यामुळे इथे थांबून बघण्यासारखं बरंच आहे. हायवेच्या तीनपैकी दोन लेन मोकळ्या आणि तिसरीत लांबच लांब रांग, हे दृश्य प्रत्येकाने पाहिलं असेल. गेममधले चालक पुढच्या वळणाची लेन फार आधी धरून ठेवतात. फाट्यावरून उतरल्या उतरल्या पहिल्याच चौकात सगळ्यांना डावीकडे वळायचं असेल, तर रस्ता सहापदरी करूनही काही फरक पडत नाही. मी ज्या गाडीच्या मागे होतो ती दोन मालट्रकांच्या मध्ये अडकून पडली होती. तिचं घर तयार, वीज-पाणी तयार, आणि रहिवासी मात्र सिग्नलला.

म्हणून मागून येणाऱ्यांना पहिली सूचना: फाट्यानंतरचा पहिला टप्पा कोरा ठेवा. तिथे घरं नकोत, दुकानं नकोत, लागोपाठ चौकही नकोत. शक्य असेल तर तिथे मोठा गोल चौक करा आणि कारखान्यांची वाट वस्तीच्या वाटेपासून तिथेच फोडून द्या. कोंडी आपोआप सुटल्यासारखी वाटली तरी विश्वास ठेवू नका. फार वेळ अडकलेली गाडी गेम सरळ गायब करतो, त्यामुळे वरून बघणाऱ्याला खरा प्रकार कळतच नाही.

पहिली वस्ती नदीकाठी. इथलं गणित सोपं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार चौकोन खोलीपर्यंतच झोन (घरं, दुकानं किंवा उद्योगांसाठी राखलेली जागा) रंगवता येतो. म्हणजे दोन समांतर रस्त्यांमध्ये आठ चौकोन सोडले की जागा वाया जात नाही. वीज एका इमारतीतून शेजारच्या इमारतीत जाते, पाण्याला मात्र पाइप टाकावा लागतो. पंप प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि सांडपाण्याचं तोंड खालच्या अंगाला, हे सगळ्यांना पाठ असतं. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की एकाच जागी बरेच पंप लावले तर ते पाणी इतक्या जोरात ओढतात की जवळपासचा प्रवाहच फिरतो आणि घाण पाणी उलटं येतं. वस्ती वाढली की दर वेळी पाण्याचा नकाशा उघडून बाण कुठे वळलेत ते बघत जा. आख्खी आळी एकदम आजारी पडली तर दवाखाना बांधायच्या आधी पंप तपासा.

कारखाने दूर ठेवा हेही सगळे सांगतात. जमिनीवर फिरताना ते डोळ्यांनी दिसतं: मातीचा रंग उतरत जातो, झाडं वाळतात आणि त्या पट्ट्यातली माणसं आजारी पडतात. कारखाना पाडल्यावरही माती लगेच सुधारत नाही. मधल्या पट्ट्यात ऑफिसं टाकली तर उत्तम. ती प्रदूषण करत नाहीत, गोंगाट जवळजवळ करत नाहीत, आणि शिकलेल्या रहिवाशांना कामही देतात.

आता मधली वस्ती. मी सगळ्यात जास्त रमलो ते इथे. खिडकीत ‘तरुण’ असा वयोगट दाखवणारी एक बाई नुकतीच राहायला आली होती. तिचं घर गल्लीच्या बंद टोकाला. घराच्या अगदी पाठीमागे, हाकेच्या अंतरावर दुकानांची रांग, पण मध्ये रस्ता नाही. बाई घराबाहेर आली, दोन पावलं चालली, तिच्या शेजारी कुठूनशी गाडी उगवली (या गेममधली माणसं गाडी खिशात घालून फिरतात, हे आता मान्यच करून टाकायचं), गल्लीतून मुख्य रस्त्याला लागली, चौकात थांबली, पुन्हा वळली आणि आपल्याच परसामागे येऊन उतरली. अशी शंभर घरं धरा आणि मग तो चौक का तुंबतो ते बघा.

तिथे पादचारी वाटेचा एक तुकडा टाकला. पुढच्या फेरीला त्या गल्लीतली बरीच माणसं चालत निघाली. यांना चालायचा कंटाळा नाही. वाट सलग असेल तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप लांब चालतात. पादचारी वाट रस्त्यावरून पुलासारखी नेता येते, खालून बोगद्यानेही नेता येते. खर्च नगण्य. माझ्या मते पहिल्या काही हजार लोकवस्तीपर्यंत रस्ता रुंद करण्यापेक्षा दहापट उपयोगी काम हेच आहे, आणि तरी बहुतेक शहरांत ते सगळ्यात शेवटी होतं.

शाळा, दवाखाने, बागा ठेवताना रस्त्यांवर पसरणारा हिरवा रंग नीट बघा. या सोयींचा परिणाम रस्त्यांच्या जाळ्यातून पसरतो. बाग घराच्या भिंतीला लागून असली पण तिच्याकडे जाणारा रस्ता भलताच वळसा घालत असला, तर फायदा तिकडच्या गल्लीला जातो. एक भली मोठी बाग कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा लहान लहान चार विखरून ठेवलेल्या बऱ्या. घराची लेव्हल वाढायला दोन गोष्टी लागतात, जागेची किंमत आणि रहिवाशांचं शिक्षण. नुसत्या बागा लावून घरं पुढे सरकत नसतील तर शाळा कमी पडतेय. गोंगाटाचा नकाशाही उघडा. दाट दुकानांची रांग आणि वर्दळीचा रस्ता यांच्या कडेला घरं टिकत नाहीत असं नाही, पण ती कुढत राहतात. झाडं लावलेला रस्ता निवडला तर आवाज थोडा दबतो आणि जागेची किंमतही चढते.

मागणीच्या पट्टीबद्दल. हा वारसा 1989 च्या ‘सिमसिटी’चा: घरं, दुकानं, उद्योग यांच्या तीन पट्ट्या. घरांची हिरवी पट्टी खाली गेली की नवे खेळाडू घाबरून कर कमी करतात. बऱ्याचदा कारण साधं असतं: आधीचीच घरं भरायची आहेत, किंवा आलेल्यांना काम नाही. अशा वेळी कारखाने किंवा ऑफिसं वाढवा, पट्टी आपोआप वर येते. कर सुरुवातीला 9 टक्के असतो. त्याच्या आसपास राहिलात तर कोणी कुरकुर करत नाही. रहिवाशांचे निरोप दाखवणारा निळा चिर्पर पक्षी मात्र काही केलं तरी चिवचिवणारच, त्याला फार मनावर घेऊ नका.

खरा धोका पट्टी वर असतानाच असतो. ती पूर्ण भरलेली दिसली की हात शिवशिवतात आणि माणूस पाच-सहा आळ्या एका दमात हिरव्या करून टाकतो. लोकही धाडधाड येतात. मात्र येणारे बहुतेक साधारण एकाच वयाचे असतात. म्हणजे ते म्हातारेही एकाच सुमारास होतात, आणि जातातही एकाच सुमारास. मग घराघरावर कवटीचं चिन्ह, सगळ्या शववाहिका रस्त्यावर, त्यांच्यामुळे कोंडी आणि कोंडीमुळे पुन्हा त्यांनाच उशीर. प्रेत फार काळ उचललं गेलं नाही तर घर ओस पडतं. त्या रिकाम्या घरांत पुन्हा एकदम नवे, एकाच वयाचे लोक येतात आणि पुढच्या लाटेची तयारी सुरू होते. जुनी शहरं अचानक का कोसळतात याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. नदीकाठच्या आणि मधल्या वस्तीत हिंडताना फरक ठळक जाणवला. एकदम भरलेल्या आळीत सगळेच प्रौढ, तुकड्यातुकड्याने भरलेल्या आळीत पोरं, तरुण, म्हातारे असा सगळा गोतावळा.

तेव्हा एका वेळी एक-दोन गल्ल्याच रंगवा, त्या भरू द्या, मग पुढच्या. स्मशानभूमी जागा खाते आणि कालांतराने भरते. शवदाहगृह थोडं आधीच बांधून ठेवा आणि ते मुख्य रस्त्याच्या जवळ असू द्या.

वस्त्यांना वेगवेगळे जिल्हे म्हणून आखून घेतलं तर प्रत्येकाला वेगळे नियम लावता येतात. जड वाहनांना बंदी हा माझ्या आवडीचा, पण ट्रकांना दुसरी वाट दिली असेल तरच. नाहीतर तोच ट्रक शेजारच्या वस्तीतून जातो. पाळीव प्राण्यांवर बंदी घालून कचरा कमी होतो म्हणे. मला तो नियम लावायचं मन होत नाही.

दुसरा भाग 24 ऑक्टोबर 2023 ला आला आणि त्यात माणसं ओढायची रीत बरीच बदलली. तिथे कुटुंबं घर निवडताना भाडं बघतात. लेकुरवाळ्यांना सुटी घरं हवीत, विद्यार्थ्यांना आणि एकट्या राहणाऱ्यांना लहान फ्लॅट चालतात. जागेची किंमत वाढवत नेणं पहिल्या भागात नेहमीच चांगलं. इथे तीच किंमत भाड्यात उतरते आणि इमारतींवर जास्त भाड्याची तक्रार झळकू लागते. अशा ठिकाणी दाट किंवा कमी भाड्याच्या घरांचा झोन द्या. स्वस्तातली सुटी घरं वाढवत बसलात तर शहर नुसतं पसरत जाईल.

आता पुन्हा पहिल्या भागातल्या माझ्या शहरात. टेकडीची वस्ती सगळ्यात वरची आणि दिसायला सगळ्यात देखणी. वळणावळणाचा एकच रस्ता वर जातो आणि तिथेच घोडं अडतं. कचऱ्याची गाडी, अग्निशमन बंब, शववाहिका, नवे रहिवासी, सगळे त्या एका रस्त्यावर. मी एका कचऱ्याच्या गाडीच्या मागे लागून वर गेलो. पहिल्या दोन वळणांवरच्या घरांत तिचं पोट भरलं, टोकाच्या घरांपर्यंत ती पोचलीच नाही. वर घरं रंगवायच्या आधीच पलीकडच्या बाजूने दुसरा रस्ता आणा. चढ फार असेल तर बोगदा काढा, महाग पडला तरी चालेल. शाळा आणि अग्निशमन केंद्र खालीच न ठेवता वरही एक-एक द्या, आणि बसचा शेवटचा थांबा टोकाच्या घरांपाशी असू द्या, खालच्या चौकात नको.