लाल दातांच्या चिचुंद्र्या

आज दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली चिचुंद्र्यांचे जबडे पाहत होते. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या किनाऱ्यावर वेस्ट रंटनला जो काळा गाळ आहे ना, त्यातले. सुमारे 7 लाख वर्षांपूर्वीचे. गाळ बारीक चाळणीत धुतला की तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे हाती लागतात.

आपल्या घरातल्या चिचुंद्रीचे दात पांढरे. यांच्या दातांची टोकं तांबूस, कारण इनॅमलमध्ये लोह आहे. आणि इतक्या काळानंतरही तो रंग टिकलाय! मला अजूनही याचं नवल वाटतं. पण म्हाताऱ्या चिचुंद्रीचे दात झिजलेले, लाल टोक गेलेलं. मग गट ओळखायला जबड्याच्या मागचा सांधा बघायचा. सोरेक्समध्ये, म्हणजे लाल दातांच्या चिचुंद्र्यांच्या एका प्रजातीत (genus), त्याची दोन पृष्ठं एकमेकांपासून सुटी दिसतात, पांढऱ्या दातांच्या गटात ती हाडाने जोडलेली.

हे झालं गटाचं. जात ठरवणं त्याहून किचकट. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन हिंटनने 1911 मध्ये इथल्या दोन जातींना नावं दिली: सोरेक्स सॅव्हिनी अंगाने मोठी, दात फुगीर, सोरेक्स रंटोनेन्सिस लहान. पूर्ण जबडा असेल तर मोजमापांवरून चटकन कळतं. नुसता एक दात हातात असला की मात्र मी घाईने नाव लिहीत नाही. डबीवर फक्त 'सोरेक्स' लिहून ठेवते, तेच प्रामाणिक.