अक्षतांच्या जागी वाळवलेल्या पाकळ्या

भाचीनं साखरपुड्यातच सांगून टाकलं होतं, मंगलाष्टकांना तांदूळ उधळायचे नाहीत. पायाखाली तुडवला जाणारा तांदूळ तिला लहानपणापासून बघवत नाही, आणि ते चकचकीत कागदाचे फटाके तर तिला नकोच होते. लग्न मार्गशीर्षातलं. मुहूर्ताच्या दिवसांत ताजी फुलं महाग, शिवाय ताज्या पाकळ्या ओल्या असतात, रेशमी साडीला चिकटतात, हॉलच्या फरशीवर पाय घसरतो. म्हणून वाळवलेल्या पाकळ्या करायच्या ठरल्या आणि ते काम मी आनंदानं मागून घेतलं.

आईनं आधीच बजावलं, "अगं, देवाचं निर्माल्य यात आणू नकोस हं. ते पायाखाली येता कामा नये." मला ते पूर्ण पटलं. म्हणजे फुलं विकतच घ्यायची किंवा झाडावरची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कल्याणच्या फूल मार्केटला गेले. आदल्या दिवशी चढ्या भावानं विकलेला झेंडू तेव्हा अक्षरशः पडून असतो. घट्ट, कोरडी फुलं निवडून घेतली. दवानं भिजलेली फुलं आतून लवकर कुजतात.

झेंडूची पाकळी ओढून काढली की तिच्याबरोबर खालची काडीसारखी पांढुरकी बी येते. ओलावा तिथेच दडलेला असतो. वरची पाकळी कुरकुरीत झाली तरी ती काडी मऊ राहते आणि पुढे डब्यात बुरशी धरते. त्यामुळे फूल उलटं धरून, देठ नि हिरवी वाटी हातात ठेवून, फक्त रंगीत भाग कात्रीनं कापायचा. वेळ लागतो, पण पाकळ्या सुट्या आणि हलक्या पडतात. ताई आणि मी बोलत बोलत रात्री हेच करत बसायचो.

वाळवायचं सावलीत. उन्हात पाकळ्या पटकन वाळतात हे खरं, पण रंग उडतो. खाटेवर आजोबांचं जुनं धोतर पसरून त्यावर एकेरी थर घातला, वर मच्छरदाणीचं कापड, आणि पंखा मंद. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत झेंडूला तीन-चार दिवस पुरतात. मध्येच परतीचा पाऊस आला तेव्हा गुलाबाच्या पाकळ्या टिश्यू पेपरच्या दोन थरांत घालून मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं बघत वाळवल्या. प्रत्येक वेळी दार उघडून वाफ जाऊ द्यायची.

सगळीच फुलं या कामाची नाहीत. मोगरा, निशिगंध, पांढरी शेवंती तपकिरी पडतात. लाल गुलाब वाळला की काळपट दिसतो, त्यापेक्षा गुलकंदाचा गुलाबी गुलाब चांगला; त्याची पाकळी पातळ असते आणि वास टिकतो. पिवळी शेवंती चालते. गोकर्णाचा निळा रंग सुंदर राहतो. पण माझ्या मते सगळ्यांत गुणी बोगनवेल. तिच्या ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर रंगीत पानंच, मधलं इवलंसं पांढरं ते फूल. ती मुळातच कागदासारखी, एका दिवसात वाळते, रंग जवळजवळ तसाच ठेवते, आणि हवेत सोडली की गिरक्या घेत हळूहळू खाली येते. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर ती फुकट मिळाली. काटे मात्र सांभाळायचे.

वाळल्यावर सगळं इतकं आटतं की टोपलीभर फुलांचा जेमतेम एक डबा होतो, तेव्हा फुलं अंदाजापेक्षा बरीच जास्त आणावीत. पाकळी चिमटीत चुरली की कुरकुर आवाज आला पाहिजे. मगच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरायच्या. पहिला आठवडा मी रोज झाकण उघडून वास घेत होते. दमट वाटलं की पुन्हा धोतरावर. अत्तर शिंपडलं नाही, तेलाचे डाग पैठणीवरून जात नाहीत. त्याऐवजी डब्यात वाळ्याची छोटी जुडी ठेवली.

राहता राहिले गुरुजी. ते शांतपणे म्हणाले, "वधूवरांच्या आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातात अखंड तांदळाच्या थोड्या अक्षता असू द्या. बाकी मंडळींनी फुलं टाकली तर आशीर्वाद कमी होत नाही." तसंच केलं. पानांच्या छोट्या द्रोणांत मूठ-मूठ पाकळ्या भरून मुलांनी वाटल्या. शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट खाली आला तेव्हा पिवळा, गुलाबी, निळा रंग एकदम हवेत होता. तांदळासारखं काही डोळ्यांत गेलं नाही, कुणी चुकवायला मान फिरवली नाही. नंतर हॉलमधल्या मावशींनी झाडून सगळं एका पोत्यात भरलं, ते आमच्या गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये गेलं.

एक डबा उरला होता, तो पुढे मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला दिला. गुलाब तोवर जरा काळवंडला होता. बोगनवेल आणि झेंडू मात्र ताजे वाटावेत इतके रंगीत होते.