पूजेच्या रात्रीचा साउंड

आमच्या चाळीची सत्यनारायणाची पूजा दरवर्षी २६ जानेवारीला. परळ-लालबाग भागातल्या बऱ्याच चाळींची पूजा त्याच दिवशी असते, कारण सुट्टी हक्काची आणि हवाही बरी. सकाळी झेंडावंदन, दुपारी पूजा, संध्याकाळी हळदीकुंकू आणि रात्री ‘करमणुकीचे कार्यक्रम’. पत्रिकेत हे शब्द सगळ्यात खाली, बारीक टायपात असायचे. आम्हा पोरांची पूजा तिथूनच सुरू व्हायची.

मी आता नाचाचं संगीत बनवतो. हाऊस, टेक्नो, त्या वळणाचं. लेबल नाही, मॅनेजर नाही. ट्रॅक स्वतःच करायचा, स्वतःच मिक्स करायचा, स्वतःच इंटरनेटवर चढवायचा. मुलाखती घेणारे विचारतात, तुमच्यावर प्रभाव कुणाचे? त्यांना शिकागो, डेट्रॉईट, बर्लिन अशी नावं हवी असतात. ती मीही ऐकली, पण कॉलेजात गेल्यावर. कान त्याच्या कितीतरी आधी तयार झाला होता आणि तो मंडळाच्या भोंग्यांनी केला होता.

भोंगा म्हणजे खांबाला बांधलेला पत्र्याचा कर्णा. त्यातून खर्ज येतच नाही, तो फक्त मधले स्वर फेकतो, पण ते पार पलीकडच्या गल्लीपर्यंत. आरती, हरवलेल्या मुलाची घोषणा आणि कोळीगीत या तिन्हींना त्यात एकच आवाज असायचा. पुढे मोठे बेसचे डबे आले, तेव्हा उलटं झालं. शेजारच्या मंडळाचा कार्यक्रम घरात ऐकला की गाणं गायब आणि नुसता धम-धम, कारण भिंतीतून बारीक आवाज अडतात आणि जाड आवाज आरपार येतात. माझ्या ट्रॅकमध्ये आजही हेच दोन थर असतात, खाली भिंतीपलीकडचा बेस आणि वर भोंग्यातून आल्यासारखी किरकिरी धून. मास्टरिंग, म्हणजे ट्रॅकच्या आवाजावर शेवटचा हात फिरवून देणारा मित्र म्हणतो, मधलं जरा कमी कर रे, टोचतंय. मी कमी करत नाही. टोचलं नाही तर मला ते रिकामं वाटतं.

ती धून बहुतेक वेळा बेंजोची असते. मुंबईबाहेरच्या माणसाला बेंजो म्हटलं की अमेरिकन गोल वाद्य डोळ्यांपुढे येतं. आमचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग: लांबट लाकडी पेटी, तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. १९१२ साली जपानमधल्या नागोयात जन्मलेलं ताइशोगोतो हे त्याचं मूळ मानतात. गिरणगावात येऊन त्याला तारांचा आवाज विजेवर उचलणारा पिकअप लागला, ॲम्प्लिफायर लागला आणि मिरवणुकीत तो हातगाडीवर चढला. बेंजो पार्टीत बाकी मग ढोलकी, साइड ड्रम, टिमकी, खुळखुळा, कॅसिओ आणि नंतर ऑक्टोपॅड. आमच्याकडे पूजेला येणारी पार्टी पलीकडच्या चाळीतलीच होती. बेंजो वाजवणारे काका गिरणीत होते, संपानंतर मिळेल ते काम करायचे आणि सीझनला बेंजो. त्यांची एक सवय मला फार आवडायची. मुखडा संपला की ते हात वर करायचे, सगळी वाद्यं एका फटक्यात थांबायची आणि एकटी टिमकी चालू राहायची. नाचणारे हवेत लटकल्यासारखे व्हायचे. मग काका हात खाली आणायचे. क्लबात याला ‘ड्रॉप’ म्हणतात. तो मी पहिल्यांदा क्लबात ऐकला तेव्हा मला काकांचा हातच दिसला.

पण पूजेची खरी रात्र बाल्या नाचाची. आमच्या चाळीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं रत्नागिरीकडची. जाखडी, शक्ती-तुरा, बाल्या, नावं वेगवेगळी घ्यायचे, पण मांडणी एकच: मध्ये बुवा, मृदंग आणि झांज घेऊन गाणारे, भोवती रिंगण धरून नाचणारे, त्यांच्या पायांत घुंगरांचे चाळ. मोठे सामने परळच्या दामोदर नाट्यगृहात व्हायचे, तिकीट काढून. आमच्याकडे मात्र चाळीतलीच मंडळी. एरवी जिन्यात भेटली तर ‘अभ्यास कर’ एवढंच बोलणारे काका त्या रात्री रंगीत कपडे घालून गरगर फिरायचे. स्टेज म्हणजे पिंपांवर टाकलेल्या फळ्या. त्यावर पाय पडला की वरून चाळांचा छनकार आणि खालून पोकळ लाकडाचा ठोका, दोन्ही एकदम. माझ्या ट्रॅकमधला किक ड्रम, म्हणजे खालचा जाड ठोका, कुठल्या मशीनचा, असं लोक विचारतात. मशीनचा नाही. अशाच एका फळ्यांच्या स्टेजवर मारलेल्या उड्या रेकॉर्ड केल्यात मी, बाकी थोडी छाटणी.

रात्री दहा वाजता हवालदार यायचा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले तेव्हापासून तर नक्कीच. सेक्रेटरी त्याला चहा द्यायचे, खुर्ची द्यायचे, आणि माइक बंद व्हायचा. नाच बंद व्हायचा नाही. लाउडस्पीकर गेल्यावर तोच नाच अचानक लहान आणि जवळचा वाटायचा. बुवांचा खरा गळा ऐकू यायचा, कुणीतरी टाळी धरायचं, गॅलरीतल्या बायका ती उचलायच्या. मृदंग मुद्दाम दबून वाजायचा. मला विचाराल तर कार्यक्रमाचा सगळ्यात चांगला भाग दहानंतरचाच. माझ्या बहुतेक ट्रॅकमध्ये मध्येच एक जागा येते, सगळं यंत्र बंद आणि फक्त टाळ्या आणि पाय. ऐकणाऱ्याला ती ‘ब्रेकडाउन’ वाटते, माझ्या मनात ते दहा वाजलेले असतात.

शाळेच्या गॅदरिंगबद्दल थोडंच सांगतो, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं: नटराजपूजन, स्वागतगीत, मुख्याध्यापकांचं लांबलेलं अहवालवाचन, शेलापागोटे आणि ते पूर्ण होईपर्यंत विंगेत थंडीनं कुडकुडणारी कोळी नृत्याची टीम. माझ्या दृष्टीनं महत्त्वाची होती ती कॅसेट. रेकॉर्ड डान्सला तीन-चार गाणी जोडून एक कॅसेट लागायची आणि आमच्या घरी दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर होता, म्हणून काम माझ्याकडे. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला रेकॉर्डिंग, आणि बोट पॉजच्या बटणावर. जोड बसायचा तिथे ‘टक’ असा आवाज राहायचा. डान्स बसवणाऱ्या बाई वैतागायच्या, पण मुलींनी त्या टकवरच गिरकी बसवली आणि प्रेक्षकांना वाटलं, मुद्दामच आहे. संगणकावर आता कुठलाही जोड लोण्यासारखा करता येतो. मला तो टक लागतोच.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी याच मुंबईत चरणजित सिंग नावाच्या, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या कलाकारानं रोलंड कंपनीची तीन नवीन यंत्रं घेऊन रागांवर डिस्कोच्या ठेक्यात एक रेकॉर्ड केली. ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण शिकागोत पुढे काही वर्षांनी हाऊसच्या ज्या प्रकाराला ॲसिड हाऊस म्हणू लागले त्याच्यासारखं ते ऐकू येत होतं. आमच्या चाळीत अर्थातच कुणाला याचा पत्ता नव्हता, तेव्हा रेशन आणि मोर्चे यांतच माणसं होती. तरी मला ते शेजारपण आवडतं. डेट्रॉईटच्या टेक्नोमागेही मोटारींच्या कारखान्यांचं शहर आहे आणि बेलव्हिल गावच्या शाळेत एकत्र शिकलेली तीन मुलं आहेत. शाळा, कारखाना, शेजार, हे तिथेही सुटलं नाही.

माझ्यापुढची खरी अडचण लयीची होती. जाखडी संथ सुरू होते आणि चढत जाते. शेवटी रिंगण इतकं जोरात फिरतं की कोण कुठला ते कळत नाही. क्लबात असं चालत नाही. एक गाणं दुसऱ्यात मिसळायचं तर डीजेला लय स्थिर हवी, मिनिटाला १२४-१२५ ठोके, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढेच. चढत्या लयीचे ट्रॅक करून दिले तर कुणी वाजवेना. उत्तर मृदंगातच होतं. लय तीच ठेवायची आणि बोल दुप्पट करायचे, मग चौपट. तबलजी याला दुगुन-चौगुन म्हणतात. किक हलत नाही, पण टिमकी आधी ठोक्याला एकदा, मग दोनदा, मग चारदा येते आणि नाचणाऱ्याला वाटतं आपण पळतोय. शिवाय मी टिमकी संगणकाच्या चौकटीत बसवत नाही. काकांची टिमकी केसभर मागे असायची, तेवढी मागे ठेवतो.

चाळ आता टॉवर झाली. पूजा होते, पोडियमवर. फळ्यांऐवजी भाड्याचं लोखंडी स्टेज येतं आणि आवाज टाइल्सवर आपटून परत येतो. बेंजोवाले काका थकलेत, पण खुर्ची टाकून पहिल्या रांगेत असतात. यंदा मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि नवा ट्रॅक ऐकवला. त्यांनी सहा मिनिटांचा अख्खा ट्रॅक डोळे मिटून ऐकला, मध्ये एकदा मान हलवली. मग हेडफोन काढून म्हणाले, “बरा आहे. गाणं कधी चालू होतं?”

मी काहीतरी समजवायला लागलो, तर त्यांनी थांबवलं. “आणि टिमकी अजून मागं घे. ती पोरगी नटून उशिरा येते, तशी यायला पाहिजे.”

घरी येऊन घेतली. बरोबर होतं त्यांचं. ट्रॅक अजून बाहेर काढलेला नाही, गाणं कुठे चालू करायचं ते बघतोय.