पंचवीस यार्डांचा हट्ट

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळी हंगामात मी पर्यटकांना फिरवतो, आणि माझा निम्मा वेळ निसर्ग दाखवण्यापेक्षा माणसांना थोपवून धरण्यात जातो, हे ऐकून आपल्याकडच्या मंडळींना गंमत वाटेल. नियम सोपा आहे. बायसन (अमेरिकेतला रानगव्यासारखा केसाळ प्राणी) आणि एल्क (मोठे हरीण) यांच्यापासून किमान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर, आणि लांडगे व अस्वले यांच्यापासून १०० यार्ड अंतर राखायचे. तरीही याच नियमावरून मला सर्वाधिक बोलणी खावी लागतात.

परवा एका मराठी कुटुंबाला घेऊन निघालो होतो. रस्त्यालगत एक नर बायसन चरत होता. तो डोळ्यांपर्यंत तोंड बर्फात खुपसत होता आणि डोके डावी-उजवीकडे झाडून खालचे गवत मोकळे करत होता. वर आला की दाढीला बर्फाचे गोळे लोंबत आणि तोंडात पिवळ्या, वाळक्या गवताच्या चार काड्या असत. पाठीवरचा बर्फ मात्र वितळत नव्हता, इतकी त्याची लोकर दाट असते. कुटुंबातील वडीलधारे गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही आपलेच आहात. चार पावले पुढे जाऊ द्या, फोटो काढतो आणि आलोच." मी नकार दिल्यावर ते म्हणाले, "इकडे येऊन फारच नियमवाले झालात तुम्ही." हे वाक्य मला अजून बोचते आहे.

हा प्राणी ताशी ५५ किलोमीटर वेगाने धावू शकतो, हे कारण मी नेहमी पुढे करतो, कारण ते लोकांना लगेच पटते. खरे कारण निराळे आहे. हिवाळ्यातले निकृष्ट गवत बायसनला पुरत नाही. शरीरात साठवलेल्या चरबीवर तो वसंतापर्यंत तग धरतो आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाळत जातो. उन्हाळ्यात कोणी बिथरवले तर तो चार ढांगा दूर जाऊन पुन्हा चरू लागतो, पण आता खोल बर्फातून पळताना जी शक्ती खर्च होते ती भरून काढायला त्याच्याकडे काहीच नसते. म्हणूनच कळप आमच्या दाबून सपाट केलेल्या रस्त्यावरून चालू लागला, तर आमची स्नोकोच, म्हणजे बर्फावर चालणारी प्रवासी गाडी, कडेला थांबते आणि आतल्या साहेबांना कितीही घाई असली तरी थांबूनच राहते.

या शिस्तीचे मला कौतुक आहे, पण तिच्यापुढे आपण खाली मान घालावी असे मला वाटत नाही. १८७२ साली हे उद्यान स्थापन करणाऱ्या याच देशाने बायसनची अशी कत्तल केली की १९०२ साली येथे जेमतेम दोन डझन उरले होते. ताडोबात वाघाभोवती जिप्सींचा गराडा पडतो, हे मी नाकारत नाही. परंतु तेथे जंगलाला लागून गावे आहेत, आणि येथील सुमारे ९,००० चौरस किलोमीटरमध्ये शेती करणारे एकही गाव नाही. येथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना सुरुवातीच्या काळातच बाहेर काढण्यात आले. हे सांगितले की पर्यटक पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

ज्यांना यायचे असेल त्यांनी डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत यावे. आतल्या भागात या दिवसांत स्नोकोच किंवा स्नोमोबाईल (बर्फावरची स्कूटर) यांशिवाय गाडीने जाता येत नाही. स्वतःची मोटार फक्त उत्तरेकडच्या प्रवेशद्वाराजवळील गार्डिनर गावाहून मॅमथ आणि लामार खोऱ्यातून कुक सिटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर चालते. लामारमध्ये लांडगे दिसण्याची शक्यता असते, आणि तेही बहुधा दुर्बिणीतून, फार लांबवर. ते १९९५ मध्ये कॅनडातून आणून येथे सोडलेल्या लांडग्यांचे वंशज. त्यांच्या जवळ जाण्याचा हट्ट आजवर कोणी धरलेला नाही. वाद होतो तो बायसनवरून, कारण तो मान खाली घालून चरतो आणि लोकांना गोठ्यातला वाटतो.