कडप्प्यावर इटालियन पाटी, अपडेट ३: पुराव्यालाच खपली

मागच्या वेळी फुशारकी मारली होती की पुढचा अपडेट टाकेन तेव्हा एक ओळ पूर्ण झालेली असेल. नाहीये. २२ पैकी ११ अक्षरं झालीत आणि त्यातलं एक फुटलंय, पण त्याचं नंतर सांगतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. रोममध्ये पिआत्सा देल पोपोलो चौकात कॅराबिनिएरी पोलिसांच्या बराकीच्या भिंतीवर एक पाटी आहे, आंजेलो तार्गिनी आणि लेओनिदा मोंतानारी या दोन कार्बोनारींची. कार्बोनारींची पाटी कॅराबिनिएरींच्या भिंतीवर, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन्ही एकच समजलो होतो, हसू नका. कार्बोनारी म्हणजे कोळसेवाले. राजेशाहीविरुद्धची गुप्त क्रांतिकारी संघटना, एकमेकांना 'भाऊबंद' म्हणायचे आणि त्यांच्या शाखेला म्हणायचे वेंदिता, म्हणजे विक्री, जसं काही कोळशाचा धंदाच चालू आहे. मॅझिनी आपल्याकडे सगळ्यांना माहीत (सावरकरांनी १९०७ साली त्याला मराठीत आणला), तोही आधी कार्बोनारीच होता आणि त्याच भानगडीत १८३० ला पकडला जाऊन सावोनाच्या किल्ल्यात बसला.

हे दोघे त्याच्या पाच वर्षं आधीचे. रोमवर तेव्हा पोपचंच राज्य, बारावा लिओ, आणि १८२५ हे त्यांचं पवित्र वर्ष, जगभरचे यात्रेकरू रोममध्ये. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला याच चौकात दोघांची मुंडकी उडवली. जल्लाद मास्त्रो तित्ता, जो एरवी छत्र्या रंगवायचा आणि ज्याच्या कारकिर्दीत ५१६ जण गेले. दोघांनीही शेवटपर्यंत पाद्र्यांसमोर पश्चात्ताप व्यक्त केला नाही म्हणून पवित्र जमिनीत जागा मिळाली नाही, शहराच्या तटाशी मूरो तोर्तोजवळ पुरलं.

पाटीवर लिहिलंय की पोपने 'सेंत्सा प्रोवे ए सेंत्सा दिफेसा' (SENZA PROVE E SENZA DIFESA), म्हणजे पुराव्याशिवाय आणि बचावाशिवाय, दिलेली मृत्यूची शिक्षा या दोघांनी याच चौकात शांतपणे सोसली. अख्खा मजकूर कोरायचा तर माझं वर्ष जाईल म्हणून ही एवढीच ओळ घेतली. २४ बाय ८ इंचाचा कडप्पा, ओट्याचं काम करणाऱ्याकडून उरलेला तुकडा, फुकट. अक्षराची उंची २८ मिलिमीटर, रोममधल्या ट्राजन बादशहाच्या खांबावरच्या कॅपिटल्सचं प्रमाण. मूळ पाटीची कॉपी नाही करत, शब्द तिचे आणि अक्षरवळण माझ्या आवडीचं.

आता कामाचं. ओळीत ई पाच वेळा येतो. रोमन कॅपिटलमध्ये ई अरुंद, चौकोनाच्या अर्ध्यात बसतो, एस पण तसाच, आणि त्यांच्यामध्ये एन, झेड, ए हे पाय पसरून बसलेले. स्केलने सारखं अंतर ठेवून पहिला लेआउट केला तर सेंत्सा शब्दात झेड आणि शेवटचा ए खाली एकमेकांना चिकटलेले दिसायला लागले आणि वर मात्र बोगदा. स्केल ठेवून दिली, ट्रेसिंग पेपरवर एकेक अक्षर कापून हाताने सरकवत बसलो, दोन रात्री त्यात गेल्या. शिवाय दिफेसामध्ये मी एफ दोनदा काढला होता, इंग्रजीच्या नादात म्हणा किंवा इटालियनमध्ये सगळं डबल असतं या गैरसमजात म्हणा, तो ट्रेसिंगवरच सापडला. दगडावर सापडला असता तर हा अपडेट आलाच नसता.

काळ्या दगडावर नेहमीचा कार्बन पेपर दिसत नाही. भरतकामाची डिझाइन उतरवायला मिळतो तो पिवळा कार्बन आणा, मस्त उमटतो. फक्त तळहाताने पुसला जातो, मग लगेच पांढऱ्या पेन्सिलने गिरवून घ्यायचं. (कार्बोनारी कार्बनने उतरवले हा जोक घरात तीनदा मारून झालाय, तिसऱ्यांदा कोणी वर पण बघितलं नाही.)

छन्नी ६ मिलिमीटरची, कार्बाइड टोकाची. आधी दांडीच्या मधोमध एक खोल रेघ, मग दोन्ही बाजूंनी उतार देत कडेपर्यंत यायचं, सेरिफ (दांडीच्या टोकाची बारीक शेपटी) सगळ्यात शेवटी. टेबल लॅम्प आडवा ठेवा, वरून उजेड पडला तर व्ही कट सपाट दिसतो आणि माणूस उगाच खोल जात बसतो. एका अक्षराला मला पाऊण तास लागतो, एसला दीड. मास्क लावाच, आणि ओल्या फडक्याने पुसा, फुंकर मारू नका.

तर फुटलं काय, प्रोवेमधला व्ही. प्रोवे म्हणजे पुरावे. दोन तिरक्या दांड्या खाली मिळतात तिथे शेवटचे दोन ठोके राहिले होते, खालच्या मजल्यावरून दुपारच्या ठकठकीबद्दल बेल वाजली, मी घाईत छन्नी जरा आडवी धरली आणि नखाएवढा पापुद्रा उडाला. कडप्प्याचं हेच वाईट आहे, थरांचा दगड, छन्नी आडवी झाली की थर सुटतो. घासून काढावं तर मिलिमीटरभर खोल आहे, सगळी फरशी घासावी लागेल आणि बाकीची दहा अक्षरं उथळ होतील.

पण त्या व्हीशी दोन आठवडे डोकं लावताना एक गोष्ट झाली. 'पुराव्याशिवाय' हा शब्द इतक्या हळू वाचला की शंका यायला लागली. ज्युसेप्पे पोंतिनी नावाचा एक माजी कार्बोनारी होता, संघटना सोडली, फुटला असा संशय, त्याच्यावर रात्री सुरीहल्ला झाला आणि तो वाचला. तार्गिनी-मोंतानारींवरचा एक आरोप तोच, दुसरा राजद्रोहाचा. पाटीवर पोंतिनीचं नाव नाही. निकाल पोपच्या मर्जीतला होता हे खरं, पण पाटी लावणारे काही तटस्थ नव्हते. पाटी १९०९ ची, २ जूनची, म्हणजे इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीच्या पुण्यतिथीची. लावणारी संघटना जुदित्ता तावानी आर्क्वातीच्या नावाची, जिला १८६७ मध्ये पोपच्याच सैनिकांनी त्रास्तेवेरेत नवऱ्या-मुलासकट मारलं. रोमचा महापौर तेव्हा एर्नेस्तो नाथान, लंडनमध्ये जन्मलेला ज्यू, मॅझिनीच्या गोतावळ्यात वाढलेला. आणि त्याच चौकात समोर सांता मारिया देल पोपोलो चर्च उभं. ही पाटी श्रद्धांजली कमी आणि चर्चला ऐकवलेलं जास्त आहे असं मला वाटायला लागलंय, आणि त्यामुळे ती अजूनच आवडायला लागलीय. आधी अक्षरं नाजूक ठेवणार होतो, आता उरलेली अर्धा मिलिमीटर खोल घेतोय, आधीचीही तेवढी उतरवून घेईन.

व्हीचं काय करायचं यावर सल्ला द्या. इपॉक्सीत दगडाची पूड मिसळून भरणं मला माहितीय, ते उन्हात चमकतं आणि लगेच कळतं. सरळ दगड उलटा करून पहिल्यापासून सुरू करावं हे सगळ्यात सोपं होतं, पण आईने विचारलं, "कुठल्या कोण इटालियनांची पाटी कोरतोयस, आपल्या दाराला नावाची पाटी आहे का?" आणि मागची बाजू तिने बुक केलीय.