तुम्ही विचारलंत म्हणून: किरण का सोडले?

"मॅडम, नळीत शिरलेली रडारची लहर किती परत येते ते काढायला कॉम्प्युटरवर किरण सोडायचे आणि भिंतीवरच्या उसळ्या मोजायच्या, एवढी फास्ट पद्धत, साध्या लॅपटॉपवर चालते, मग नळीच्या कामातून तुम्ही ती काढली कशाला?" ज्युनिअर विचारतात, वायवाला बसलेले विचारतात, परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत जुन्या बॅचमेटनं विचारलं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट, काढलेली नाही. माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण अख्खं किरणांवर आहे. लिंग, चाऊ आणि ली यांनी 1989 ला ही पद्धत मांडली तीच मुळी पोकळीचा आरसीएस, म्हणजे रडारला ती केवढी दिसते ते माप, काढायला, त्यामुळे तिच्यावर शंका घ्यायचं मला काही कारणच नव्हतं. विमानाचं मीटरभर रुंद इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा नेणारी नळी, घ्या, 10 गिगाहर्ट्झला त्यात पाच हजारांवर मोड (नळीत लहर ज्या ठरावीक साच्यांत बसते ते साचे) धावतात, तिथं किरण नाही वापरायचे तर काय वापरायचं?

पण माझी नळी मीटरभर नव्हती. 30 सेंटिमीटर व्यास, 60 लांबी, मागचं तोंड सपाट पत्र्यानं बंद. वाळूजला एका शेडमध्ये करून घेतली, पत्रा गोल वळवून उभी शिवण वेल्ड केलेली. गोधडीत गुंडाळून आम्ही ती बाहेरगावच्या अॅनेकोइक चेंबरला, म्हणजे भिंतींवरून लहर परत येऊ नये म्हणून आतून फोम लावलेल्या खोलीत, नेली, मी आणि आमच्या लॅबचे काका. दोन रात्री परत येणारी लहर मोजत बसलो, अगदी समोरच्या शून्यापासून तिरक्या साठ अंशांपर्यंत, अर्ध्या अर्ध्या अंशानं.

परत आल्यावर माझे किरण आणि मोजमाप एकावर एक टाकलं. तिशीपर्यंत रेघेला रेघ बसली, मी एकटीच लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या. पस्तीसनंतर सुटायला लागलं आणि पन्नासच्या आसपास फरक 9 डीबी, म्हणजे आठपट. मी किरण दुप्पट केले, चौपट केले, उत्तर हललं नाही. तेव्हा मला वाटलं उत्तर हलत नाही म्हणजे ते बरोबर आहे, चूक मोजण्यात आहे, शिवणीत आहे, चेंबरच्या फोममध्ये आहे. आज वाटतं की ते उत्तर चुकीच्याच जागी पक्कं बसलं होतं. पण तेव्हा मी कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते, पाच वर्षं झाली होती, घरी परभणीला फोन केला की आई विचारायची, "त्या नळीचंच करायलीस का अजून?"

मग मी आलेख पस्तीसवर कापला. कोणी सांगितलं नव्हतं, मीच कापला. मनाला सांगितलं की समोरून येणारं रडारच महत्त्वाचं, पुढच्या कोनांना कोण विचारतं. हे कारण पूर्ण खोटंही नाही, आजही मी ते वाद घालताना वापरेन. पण कापला त्या दिवशी ते कारण नव्हतं, भीती होती.

सबमिशनआधीच्या सेमिनारला आलेख पडद्यावर आला. मागच्या दाराशी काका उभे, चहाचे कप घेऊन आले होते. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मॅडम, आपण साठपर्यंत घेतलं होतं की, रात्री दोन वाजेपर्यंत बसून. उरलेलं कुठाय?" त्यांना वाटलं मी स्लाइड विसरले. कोणी हसलं नाही. सर माझ्याकडे बघायले आणि मी पडद्याकडे. मी म्हटलं, वेगळ्या फाइलमध्ये आहे. सर म्हणाले, उघडा. उघडली. तो अर्धा मिनिट, फाइल लोड होईपर्यंतचा, मला आजही झोपेत आठवतो. रागावले नाहीत ते, नुसतं म्हणाले, "हेच तर तुमचं काम आहे, हेच लपवलंत." काका नंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आपण काहीतरी चुकीचं बोललो असं त्यांना वाटत होतं, आणि माझी चूक त्यांच्या अंगावर बसली याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. मी जाऊन सांगितलं त्यांना, पण उशिरा सांगितलं.

त्यानंतरचं थोडक्यात. साठ अंशाला किरण जाऊन-येऊन सहा-सात वेळा भिंतीला आपटतो, आणि भिंत आतून वाकडी, त्यामुळे प्रत्येक उसळीत किरणांचा झोत आधी गोळा होतो, एकमेकांत घुसतो, मग पसरतो, आणि आपण मात्र त्याला सरळ नळकांडं धरून हिशेब करत राहतो. शिवाय तोंडाच्या काठावरून वळून आत शिरणारी लहर माझ्या कोडमध्ये नव्हतीच. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या वळणाच्या वाटेत, गेलेल्यांना हे कळेल, वळणापुढे टॉर्चचा उजेड जात नाही पण पुढच्याचा आवाज येतो. दहा तरंगलांबी रुंद नळीतली लहर उजेडासारखीही वागते आणि आवाजासारखीही.

म्हणून मी मोडकडे वळले. या नळीत ते पाचशेच्या आसपास, सगळे धरले. 9 डीबीचे 3 राहिले. पण मोड गोल, सरळ नळीतच नीट लिहिता येतात, इनटेकसारखी एस आकाराची वाकवली की ते हत्यार हातातून जातं, आणि मग पुन्हा किरण नाहीतर भिंतीवरचे प्रवाह फेरी-फेरीनं सुधारत न्यायचे. तेव्हा "किरण वाईट" असं मी कुठंही म्हटलेलं नाही, कृपा करून माझ्या नावावर ते खपवू नका.

उरलेले 3 डीबी शिवणीचे की माझे, ते अजून ठरलेलं नाही. आता लेथवर बिनशिवणीची नळी करून घ्यायलेय, त्याच मापाची. मोजायला काकाच येणारेत, रिटायर झालेत तरी. साठपर्यंत.